पाण्याला ब्रेक नसतो

जावयाचा मेसेज क्लचमास्तरांनी आधी फोन लांब धरून वाचला, मग चष्मा लावून वाचला आणि शेवटी चष्मा पुसून वाचला. मजकूर काही बदलला नाही. लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून सासूसासऱ्यांसाठी स्नॉर्कलिंगचा एक दिवसाचा वर्ग. येत्या रविवारी. सगळं साहित्य तिथेच मिळेल.

“हे काय असतं?” त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं.

“डोळ्यांवर मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची आणि समुद्रात पालथं पडून खालचे मासे बघायचे,” बायको म्हणाली. हे तिने इतकं घडाघडा सांगितलं, की दुसऱ्या कुणाला संशय आला असता. मास्तर मात्र एकाच गोष्टीवर अडकले होते.

“तोंडात नळी? मग बोलायचं कसं?”

“बोलायचं नसतं,” असं म्हणून बायको पुन्हा भांड्यांकडे वळली. जावयाच्या कल्पकतेचं तिला आज फार कौतुक वाटत होतं.

मास्तरांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. पाटीवर त्यांचं पूर्ण नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचायची गावाला कधी गरज पडली नाही. “क्लच! अहो क्लच! क्लच दाबा!” ही आरोळी मुख्य चौकात उठली, की आजूबाजूच्या गाड्यांमधले लोकही दचकून आपापला क्लच दाबत. मास्तर शेजारच्या सीटवर बसत, पायाशी जादा बसवलेल्या ब्रेकवर उजवा पाय ठेवत, आणि दर थोड्या वेळाने “आरसा! आरसा बघा!” म्हणून स्वतःच मान वळवून मागे पाहत. त्यांच्या हाताखालून पास झालेले लोक पुष्कळ होते. पास झाल्यावर रस्त्यात ओळख दाखवणारे फार थोडे.

शिकणं मध्येच सोडणाऱ्यांत पहिला नंबर बायकोचा. लग्न नवं असताना मास्तरांनी तिला शिकवायला घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने भर चौकात गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली आणि ती चालत घरी गेली. त्यानंतर या विषयावर घरात बोलणं झालं नाही. घरात गाडी एकच, तीही शिकवण्याची. तेव्हा बायकोला बाजारात न्यायचं तर एखाद्या विद्यार्थ्याचा तास त्याच वेळी ठेवायचा, म्हणजे एका पेट्रोलमध्ये दोन कामं, असा मास्तरांचा चोख व्यवहार. विद्यार्थी स्टिअरिंगवर, मास्तर शेजारी, आणि बायको भाजीच्या पिशव्यांसह मागच्या सीटवर. अशी किती वर्षं गेली. मागे बसून ती सारखे पाय हलवते, हे मास्तरांनी आरशात पाहिलं होतं. गुडघे धरले असतील म्हणून त्यांनी आठवणीने मलमही आणून दिलं होतं. मनाने माणूस वाईट नव्हता.

रविवारी निघताना बायको नेहमीप्रमाणे मागचं दार उघडून बसली. पुढे शिकाऊ कुणी नसल्यामुळे मास्तर स्वतः गाडी चालवत होते, आणि सांगायला कुणी नसल्यामुळे बेचैन होते.

“तरंगण्यात शिकायचं काय असतं?” ते म्हणाले. “ओंडका तरंगतो. त्याला कुणी वर्ग लावला होता?”

“सगळेच काही ओंडके नसतात.”

“लक्ष लागतं, लक्ष! लोकांना गाडी येत नाही ती का? लक्ष नसतं. हुशार माणसाला कुठलीही गोष्ट एका तासात आली पाहिजे.”

 मग बायको म्हणाली, “लावता पैज?”

“कसली?”

“ते जिथपर्यंत पोहायला सांगतील, तिथपर्यंत जाऊन परत यायचं. मध्ये उभं राहायचं नाही. तुम्हाला जमलं तर मी जन्मभर मागे बसेन. नाही जमलं, तर परत येताना गाडी मी चालवणार.”

मास्तरांनी आरशात पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. “आणि लायसन्स कोण देणार तुला?”

“शिकाऊ आहे. जावयाने काढून दिलं.”

जावई या प्राण्याबद्दल मास्तरांचं मत त्या एका वळणावर बदललं. पण ‘नाही’ म्हणावं तर स्वतःचंच वाक्य गिळावं लागत होतं. “लावली,” ते म्हणाले. गाडीचा ताबा दुसऱ्याच्या हातात, आणि तोही बायकोच्या, या कल्पनेनेच त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

खाडीपाशी शिकवणारी मुलगी उभी होती. उन्हाने रापलेली, डोक्याला रुमाल बांधलेली. मास्तरांना पाहताच ती हसली.

“सर, ओळखलंत का?”

“नाही.”

“पुलावर माझी गाडी बंद पडली होती.”

“पुलावर सगळ्यांचीच बंद पडते.”

“तुम्ही म्हणाला होतात, तुझ्यापेक्षा गाडीच लवकर शिकतेय.”

मास्तरांनी घसा खाकरला. “मग... पुढे शिकलीस की नाही?”

“गाडी नाही, सर. बोट शिकले. तिथे क्लच दाबावा लागत नाही.”

मागून बायकोने खोकल्यासारखं काहीतरी केलं.

मुलीने दोघांच्या हातात मास्क, नळी आणि पायात घालायचे लांबलचक रबरी पंख दिले. पाणी कमरेइतकंच होतं. थोडं पुढे एक पिवळा फुगा बांधलेला होता. तिथपर्यंत जायचं आणि वळून यायचं, बस. “मान खाली, अंग सैल, पाय कमरेपासून हळूहळू हलवायचे,” ती म्हणाली. “पण आधी मास्कमध्ये थुंका.”

“काय?”

“आतल्या काचेवर थुंकायचं, चोळायचं, मग पाण्याने धुवायचं. म्हणजे धुकं धरत नाही.”

बायकोने ताबडतोब थुंकून काच चोळली. मास्तर मात्र ताठ उभे राहिले. त्यांच्या गाडीत ‘थुंकू नये’ ही सूचना त्यांनी स्वतःच्या हाताने, लाल रंगात लिहिली होती. “आम्ही काच फडक्याने पुसतो,” ते म्हणाले आणि त्यांनी शर्टाच्या टोकाने मास्क पुसला.

मुलगी म्हणाली, “छान.” ती प्रत्येक गोष्टीला ‘छान’च म्हणत होती. मास्तरांना ते लक्षण चांगलं वाटेना.

बायको पाण्यावर पालथी झाली आणि अलगद पुढे सरकू लागली, जणू रोज संध्याकाळी ती अशीच फिरायला जाते. मास्तरांनीही झोकून दिलं. पाच-सहा श्वासांतच काचेवर धुकं दाटलं. समोरचं दिसेना, तेव्हा त्यांचा हात वायपरची कांडी शोधायला गेला. पाण्यात वायपर नव्हता. समोरचं दिसत नसेल तर माणूस काय करतो? ब्रेक लावतो. मास्तरांनी उजवा पाय दाणकन दाबला.

पायात पंख नसता, तर काहीच झालं नसतं. पण रबराच्या त्या लांब पंखाने पाण्याला असा काही रेटा दिला, की मास्तर डावीकडे वळले. गाडी वळतेय म्हटल्यावर त्यांनी पुन्हा ब्रेक दाबला. ती आणखी वळली. जितकं थांबवावं तितकं फिरावं, असा प्रकार सुरू झाला. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, समुद्रात कुणीतरी गिरणी बसवली आहे.

“सर, सुंदर!” मुलगी जवळ येऊन म्हणाली. “आता जरा सरळसुद्धा जाऊन बघूया.”

मास्तर धडपडत उभे राहिले. नळी तोंडातून ओढली आणि सवयीने आवाज चढवला, “या पंखांची अलाइनमेंट बघ आधी! उजवा ओढतोय!”

“पंख ठीक आहेत, सर. तुम्ही उजव्या पायाने काहीतरी दाबताय.”

“मी? मी काय दाबणार?”

“ब्रेक,” पिवळ्या फुग्याला वळसा घालून परत आलेली बायको म्हणाली. “अहो, खाली निळे मासे आहेत, पट्ट्यापट्ट्यांचे. एक तर माझ्या बोटापाशी आला होता.” तिच्या कपाळावर मास्कचा गोल वळ उमटला होता आणि ती मास्तरांना उगाचच तरुण दिसली.

“हा एक डाव धरायचा नाही,” मास्तर म्हणाले. “काच खराब होती.”

बायकोने मोठ्या मनाने डाव सोडला. मास्तरांनी आजूबाजूला पाहिलं, पाठ फिरवली आणि गुपचूप मास्कमध्ये थुंकले.

या वेळी काच स्वच्छ होती. मुलीने त्यांचा उजवा घोटा धरला आणि हलकेच म्हणाली, “पाय सोडा, सर. इथे ब्रेक नाही. लागतही नाही. थांबायचं असेल तर काही करायचंच नाही.”

हे मास्तरांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाय सोडला. श्वास नळीतून घूं-घूं करत येऊ-जाऊ लागला. खाली वाळूवर उन्हाच्या रेघा हलत होत्या. एक पट्ट्यापट्ट्यांचा निळा मासा समोर आला, त्याने मास्तरांकडे निवांत पाहिलं आणि कुठलाही इशारा न देता वळला. मास्तरांनी तेही चालवून घेतलं. पिवळा फुगा जवळ आला. त्यांनी वळसाही घातला. किनारा समोर दिसत होता. पैज जवळजवळ खिशात होती.

आणि त्यांना आरसा आठवला.

वळल्यावर मागे बघायचं, हे त्यांनी उभ्या गावाला शिकवलं होतं. त्यांची मान आपोआप उजवीकडून मागे गेली, नळीचं तोंड पाण्याखाली गेलं आणि त्यांनी पोटभर श्वास घेतला. त्यात हवा अजिबात नव्हती.

मास्तर कारंज्यासारखे उभे राहिले. ठसका, शिंका आणि खोकला एकाच वेळी येत असल्यामुळे त्यांना ओरडताही येईना. बायकोने पाठीवर थोपटलं. थोपटता थोपटता दुसरा हात त्यांच्यापुढे पसरला.

“किल्ली.”

किनाऱ्यावर साहित्य परत करताना मुलीने मास्तरांची नळी उन्हात धरून पाहिली. तोंडात धरायच्या रबराचे दोन्ही कान चावून चावून तुटायला आले होते. “ही तुम्हीच ठेवा, सर,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला देता येणार नाही. पण खूप छान प्रयत्न.”

“तू कधीच ओरडत नाहीस?” मास्तरांनी न राहवून विचारलं.

“ओरडून काय करू? पाण्यात ऐकू थोडंच जातं?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बायको पुढच्या दाराने गाडीत शिरली. तिने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला आणि गाडी सुरू केली. गाडी एक आचका देऊन बंद पडली.

“क्लच! अगं क्लच! किती वेळा सांगायचं...”

बायकोने शांतपणे किल्ली काढली. मास्तरांना तो जुना चौक आठवला. इथून घर चालत जाण्याइतकं जवळ नव्हतं, आणि किल्ली या वेळी तिने त्यांच्या हातात ठेवली नाही, स्वतःच्या मुठीत धरली.

“नळी लावा,” ती म्हणाली.

“काय?”

“लावा तोंडात. घर येईपर्यंत काढायची नाही.”

मास्तरांनी नळी लावली. गाडी सुरू झाली, किंचित हिसकली आणि निघाली. ते उजवा पाय जादा ब्रेकवर ठेवून बसले. वळण आलं की नळीतून “घूं” असा आवाज येई. सिग्नलला ट्रॅफिक पोलिसाने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. त्याच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत असावं.

“हे काय आहे, बाई?”

“यांना ओरडायची सवय आहे.”

पोलिसाने मागे सरून गाडीच्या टपावरची पाटी पाहिली आणि पुन्हा वाकला. “म्हणजे क्लचमास्तर! माझी बायको यांच्याकडेच शिकली. अजून झोपेत पाय झाडते.” मग जरा घुटमळून त्याने हळूच विचारलं, “ही नळी मिळते कुठे?”

घराकडे जाणारा शेवटचा चढ आला. हा चढ आणि पुढचा अरुंद बोळ म्हणजे मास्तरांच्या हातातलं शेवटचं अस्त्र. भलेभले विद्यार्थी इथे रडले होते. चढाच्या मध्यावरच पुढची रिक्षा थांबली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

गाडी मागे घसरली नाही. बंदही पडली नाही. त्यांनी डोळे उघडले, तेव्हा बायकोचे ओठ हलत होते. ती अगदी हळू, स्वतःशीच बोलत होती, “हँडब्रेक. क्लच अर्धा, अर्धा म्हणजे अर्धा. गाडी थरथरली? आता सोड. घाई काय आहे, अक्षता टाकायच्यात का?”

शब्दन् शब्द मास्तरांचा होता. फक्त आवाज काढून टाकलेला होता.

गाडी चढ चढली. बोळाच्या तोंडाशी ती थांबली, डावा आरसा, उजवा आरसा म्हणत बायकोने गाडी उलटी बोळात घेतली. मास्तरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. तेच पाय, मागच्या सीटवर आरशात दिसणारे. गुडघे ठणठणीत होते. मलमाची बाटली न उघडताच कपाटात का पडून होती, तेही त्यांना आता उमगलं. भिंत जवळ आली, तसा त्यांनी दचकून जादा ब्रेक दाबला. पण गाडी आधीच थांबलेली होती. भिंतीपासून बरोबर वीतभर.

आपल्या हाताखालून गेलेल्या इतक्या लोकांत इतकी सुंदर गाडी कुणी लावली नव्हती. मास्तरांचा ऊर भरून आला. आजवर कुठल्याही विद्यार्थ्याला न म्हटलेला ‘शाब्बास’ त्यांच्या गळ्यापर्यंत आला, आणि त्याच्या पाठोपाठ ‘शेवटी शिकवलं कुणी?’ हेही आलं. ते पूर्ण ताकदीने म्हणाले, “घूंऽऽ!”

बायकोने आरशातली नजर न काढता इंजिन बंद केलं.

“ओरडू नका,” ती म्हणाली.