मंडळाच्या संगणकातले चार पायथन

संस्था टिकवायची असेल तर नवा माणूस घेताना जुना काढू नये, हे सार्वजनिक जीवनाचे मूलभूत तत्त्व आहे. लालबागच्या गिरणी कामगार वारस मदत मंडळाने ते कटाक्षाने पाळले होते. मंडळात ब्याऐंशीच्या गिरणी संपापासूनचे तीन उपाध्यक्ष होते, भिंतीवर दोन घड्याळे होती (त्यांतले एक चालू), आणि २०१९ साली एकुलत्या एका संगणकात पायथनच्या चार आवृत्त्या होत्या.

पायथन ही संगणकाला कामाला लावायची भाषा. दर काही वर्षांनी तिची नवी आवृत्ती निघते. नवीला जुनीचे बोलणे अर्धेमुर्धे कळते, जुनीला नवीचे कळल्यासारखे वाटते. (दोन खोल्यांच्या कुठल्याही घरात हे पाहायला मिळते.) पहिली आवृत्ती गिरगावातल्या एका निवृत्त इंजिनिअरांनी टाकली. दुसरी शिवाजी पार्कला रोज फेऱ्या मारणाऱ्या एका बाईंनी, समाजसेवा म्हणून. तिसरी हिंदमाताच्या साडीवाल्याच्या जावयाने. प्रत्येकाने आधीच्याचे काम पाहून कपाळाला हात लावला, आपला प्रोग्राम लिहिला, चहा घेतला आणि पुन्हा कधी कुणी फिरकले नाही. चौथी कुणी टाकली याची चौकशी समिती अजून बसायची आहे.

हे सगळे सांभाळायची गुणवंती. संप झाला तेव्हा ती अठराची होती. वडील विणखात्यात होते. ते संपावर गेले आणि गिरणीत पुन्हा गेले नाहीत, म्हणून ती दादरला टायपिंग शिकली. मंडळात ती वीस वर्षे होती आणि संगणकाला ती एकटीच घाबरत नसे. मासिक सभेत तिने साधी गोष्ट मांडली, की जुन्या तीन आवृत्त्या काढून एकच ठेवू.

अध्यक्ष होते उत्तमदादा. संपात त्यांची नोकरी गेली होती.

"गुणवंती, गिरणीने आम्हाला हेच सांगितलेलं," ते म्हणाले. "तुमचं काम आता दुसरी माणसं करतात, तुम्ही निघा. मी या खुर्चीत असेपर्यंत इथून कुणाला कमी करणार नाही."

"दादा, ती माणसं नाहीत."

"आम्हाला पण माणसं धरलेलं नव्हतं."

ठराव झाला: संगणकातील चारही अजगरांना (भाषांतर चिटणिसांचे) सेवेत कायम करण्यात यावे व सेवाज्येष्ठतेनुसार पहिला मान सर्वांत जुन्यास देण्यात यावा. ठराव एकमताने संमत झाला. गुणवंतीनेही हात वर केला, कारण तिला एकदम वडील आठवले.

संगणकाच्या पोटात एक यादी असते. नुसते 'पायथन' म्हणून हाक मारली की या यादीत जो पहिला, तो ओ देतो. गुणवंतीने ठरावाप्रमाणे जुन्याला पहिला बसवला. दुसऱ्या दिवशी कामगारांना सरकारकडून मिळणाऱ्या घरांच्या अर्जाची एकशे बारा पत्रे काढायची होती. पत्रांचा प्रोग्राम नव्या आवृत्तीसाठी लिहिलेला. हाकेला आला जुना. त्याने तक्रार केली नाही. मराठी अक्षर वाचता आले नाही, तिथे त्याने प्रामाणिकपणे एकेक प्रश्नचिन्ह टाकले. काना-मात्रेलाही एकेक, कुणावर अन्याय नको म्हणून. पत्रे कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून झाली. पाकिटात भरायचे काम तिन्ही उपाध्यक्षांनी केले. (तिघांचेही चष्मे घरी राहिले होते.)

निकाल डोळे दिपवणारा होता. आदल्या वर्षी अनुस्वार, वेलांटी किंवा आडनावातल्या फरकामुळे सदतीस पत्रे परत आली होती. यंदा एकही नाही. सरकारी कार्यालयाचा नियम असा की नावाचा रकाना कोरा नसावा. तो कोरा नव्हता.

महिन्याभराने सोनूबाई परब उत्तर घेऊन आली. मालवणकडची, वयाने सत्तरीची. नवरा गिरणीत होता, जाऊन नऊ वर्षे झाली होती. कागदावर लिहिले होते, 'श्री. ??? ?????? ??? (मयत) यांच्या वारसास पात्र ठरविण्यात येत आहे.'

"बाय गो, ह्यात आमचे खंय आसत?" तिने कागदावर नवऱ्याचे नाव शोधत विचारले.

गुणवंतीला बाकी एकशे अकरा पाकिटेही दिसू लागली.

दोन दिवस ती जागची हलली नाही. चारही आवृत्त्या कुठे-कुठे बसल्या आहेत ते तिने शोधले, कोणता प्रोग्राम कुणासाठी लिहिलाय ते वहीत मांडले. मग संगणकातच प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र खोली दिली, आत त्याची-त्याची आवृत्ती ठेवली, आणि इथून पुढे हाक नुसत्या नावाने न मारता आवृत्तीच्या नंबराने मारायची असे ठरवले. कुणाला काढले नाही. ठराव मोडला नाही. तिसऱ्या दिवशी पडद्यावर 'रघू गुणाजी परब' असे स्वच्छ उमटले, तेव्हा तिला एकटीलाच हसू आले. सगळी पत्रे नव्याने छापून, डोळ्यांनी तपासून, ती सोनूबाईला घेऊन कार्यालयात गेली.

तिथल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले.

"नाव जुळत नाही."

"आधीचं चुकलेलं होतं, साहेब. हे बरोबर आहे."

"बरोबर असेल. पण मंजुरी आधीच्याला आहे. मयताचं नाव काय, आजी?"

सोनूबाईने चाळीस वर्षांच्या संसारात ते नाव तोंडातून काढले नव्हते. तिने गुणवंतीकडे पाहिले, पदर नीट केला आणि हळूच म्हणाली, "रघू."

साहेबांनी प्रश्नचिन्हांवर पेनाचे टोक टेकवत मोजले. र, घ, ऊकार. तीन. वडिलांचे सहा, आडनावाचे तीन. "जुळतंय," ते म्हणाले, आणि परब व प्रश्नचिन्हे ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले. सोनूबाईने अंगठा दिला. तिला घर मिळाले.

पुढच्या आठवड्यात परळचे गिरणी कामगार जगन कुशाबा कदम आपले पत्र घेऊन कार्यालयात आले. साहेबांनी पुन्हा पेन टेकवले: तीन, सहा, तीन. कदमांना सांगण्यात आले की ते मयत असून त्यांच्या पत्नीस घर दिले गेले आहे. (कदम अविवाहित.) गुणवंतीने सहा अर्ज केले, दोनदा भांडली. सहाव्या अर्जाला उत्तर आले, की मयत व्यक्तीच्या वतीने वारंवार पत्रव्यवहार करणे दंडनीय आहे. कदमांनी ते मंडळाच्या बाकावर बसून वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि म्हणाले, "सोनूबाईला तरी मिळालं ना?"

तेव्हा वाचकांनी आपले पूर्ण नाव लिहून, काना, मात्रा, वेलांटी धरून मोजून पाहावे. तीन, सहा, तीन भरत असेल तर अर्ज करू नये. तुमचे झालेले आहे. भरत नसेल तर तुमच्या संख्येचा माणूस तुमच्या आधी तिथे पोचला नसेल, एवढीच आशा करावी.