१९० नंबरची मिश्री

बाटल्या चोवीस होत्या. शनिवारी संध्याकाळी निशिगंधाने त्या दोनदा मोजल्या, आणि तिसऱ्यांदा उलट्या, चोवीसपासून एकपर्यंत. प्रत्येकीत दोन ग्रॅम काळी, वाळवून कुटलेली पूड. पहिलीवर ५ आकडा, शेवटचीवर १९०. चंदगडच्या डोंगरातल्या एका दलदलीत तेवढे सेंटिमीटर खाली खणून ती काढली होती. दलदलीत मेलेलं गवत नीट कुजत नाही, थरावर थर साचत जातं. त्याला पीट म्हणतात. कुठला थर किती जुना हे कळलं, की आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी पाऊस कसा पडायचा याचा माग लागतो. तळाच्या थराचं वय नसेल, तर वरचा सगळा हिशोब अधांतरी! आणि तळाचा थर होता एकाच बाटलीत.

"सर, अजिबात काळजी नको!" तिने प्रबंधाच्या मार्गदर्शकांना, विजयसिंह सरांना, फोनवर सांगितलं. "वय मोजणाऱ्या प्रयोगशाळेचं पार्सल परवा अकराला कुरिअरवाला मंगळवार पेठेतल्या आमच्या घरूनच नेणार. तोवर बाटल्या फडताळात आहेत, चुलीशेजारी, एकदम कोरड्या जागी. मुंगी शिरली तरी मला कळेल!"

रविवारी सकाळी पहिल्या एसटीने कागलहून तानाआत्ती आली. बाबांची थोरली बहीण. ती मुंगीपेक्षा बरीच मोठी होती, पण फडताळात शिरल्याचं निशिगंधाला कळलं नाही.

ती उठून आली तेव्हा आत्ती मोरीपाशी बसली होती, बोट तोंडात, आणि समोर १९० नंबरची बाटली. रिकामी!

"आत्ती! हे काय घासतीयास?"

"मिसरी की! माजी घरातच ऱ्हायली. म्हटलं पोरगी बी लावाय लागली वाटतं, आन ती बी चोवीस तऱ्हेची! १९० नंबरची तंबाखू कदी बघिटली नव्हती, म्हून तीच उगाडली. पन कडक न्हाय बग. निस्ती माती लागतीया."

"अगं, मातीच आहे ती! चार हजार वर्षांची!"

आत्तीने पचकन थुंकलं. "मुदत सपलेली वस्तू घरात कशाला ठिवतीस गं?"

निशिगंधाने मोरीकडे पाहिलं. चार हजार वर्षांचा पाऊस भोकातून खाली चालला होता.

"सगळी संपवलीस?"

"मी काय खादाड हाय व्हय? अर्दी शेजारच्या सुगराला दिली. दाढ ठणकतीया म्हनत हुती."

निशिगंधा अनवाणीच धावली. सुगराभाभी उंबऱ्यात गाल धरून बसल्या होत्या.

"भाभी, ती मिश्री! लावली?"

"लावली की. ठणका ऱ्हायला बघ! आंबूस लागती, चिंचंगत."

निशिगंधा थबकली. पीट आम्लधर्मी असतं हे तिने वाचलं होतं. चव घ्यायचं तिला कधी सुचलं नव्हतं. "आंबूस? लगेच, की थोड्या वेळाने? आणि ठणका किती मिनिटांत राहिला?"

"बाई, तू दातांची डॉक्टर कधी झालीस?"

"भाभी, उरलीय का थोडी?"

भाभींनी कनवटीची कागदाची पुडी काढली. पुडीत होती! पण किती? वय काढायला निदान अर्धा ग्रॅम हवा. विद्यापीठाची प्रयोगशाळा रविवारी बंद. निशिगंधा पुडी मुठीत धरून कोपऱ्यावरच्या आकाराम सराफाकडे गेली.

"काय हाय ह्ये?"

"माती."

"सोन्याच्या काट्यावर?"

"सोनं परत मिळतं हो काका!"

आकारामकाकांनी चष्मा पुसला, श्वास रोखला आणि आकडा वाचला. शून्य पूर्णांक बासष्ट ग्रॅम. निशिगंधा दुकानातच टुणकन उडाली. काटा दोनदा हलला. घरी येऊन तिने पुडी १९० च्या बाटलीत रिकामी केली.

सोमवारी अकराला कुरिअरवाला आला. निशिगंधाने त्याच्यासमोर मोजल्या. चोवीस. खोका चिकटला, सही झाली, मोटारसायकल वळणाआड गेली. मग आत्ती पदराला हात पुसत बाहेर आली. भलतीच खुशीत!

"माजी चूक मी भरून काढली बग."

"म्हणजे?"

"त्या १९० च्या तळाला इवडंसंच हुतं. तुजं सर काय म्हनतील? सकाळी सुगराकडनं तंबाखू आनली, तव्यावर भाजली, कुटली, आन बाटली गळ्यापत्तुर भरली. हलवून हलवून पार एकजीव केली!"

निशिगंधा पायरीवरच बसली. तिने बाटल्या मोजल्या होत्या. आत काय आहे ते पाहिलं नव्हतं.

"आत्ती, जुन्यात नवं मिसळलं की वय मधलंच काहीतरी येतं गं!"

"म्हंजे मला आन माज्या आज्जेसासूला एकत्र कालवून वय इचारल्यागत?"

"तसंच!"

"मग म्हातारी लई खूश हुईल की!"

कुरिअरच्या राजारामपुरीतल्या ऑफिसात फोन केला, तर गाडी सुटली होती. मग सरांना. सगळं सांगितलं.

"वेगळं करता येईल?"

"नाही सर. दोन्ही काळं आहे. एकजीव आहे."

"किती टक्के मिश्री?"

"एकोणसत्तर, सर. दोन ग्रॅममध्ये आपलं फक्त शून्य पूर्णांक बासष्ट."

मग सरांचा आवाज जरा बदलला. "मोजू दे त्यांना. काय येतं ते बघूया तरी! तळाचा थर मे महिन्यात दलदल आटली की पुन्हा खणू. तोवर तुझा प्रबंध थांबला."

"हो सर."

"आणि आत्तींना विचार, भाजायला किती वेळ लागला. नोंद असू दे."

आठ मिनिटं. निशिगंधाने वहीत लिहिलं.

सात आठवड्यांनी निकाल आला. तेविसावी बाटली, खोली १८० सेंटिमीटर: वय ३,९२० वर्षे, अधिक-उणे ३०. चोविसावी बाटली, खोली १९० सेंटिमीटर: वय १,०६० वर्षे, अधिक-उणे ३०.