दोन्ही संघ गुलाबी

लाँड्रीवाल्याने धुण्याच्या मशीनचं दार उघडलं. आत टाकताना ज्या जर्स्या पांढऱ्याशुभ्र होत्या, त्या बाहेर येताना गुलाबी झाल्या होत्या. एकूण एक. आणि त्या सगळ्यांच्या तळाशी, काही माहीतच नसल्यासारखी, एक जर्सी पडली होती. ती सकाळपर्यंत लालभडक होती.

खरं म्हणजे पांढऱ्या जर्स्या धुवायची काही गरजच नव्हती. त्या परवाच धुऊन, इस्त्री करून ठेवल्या होत्या. पण संध्याकाळी बास्केटबॉलचा अंतिम सामना, टपाल खात्याच्या महिला संघाची कप्तान म्हणजे खुद्द त्याची बायको, आणि नवऱ्याला ऐन वेळी प्रेमाचा उमाळा आला. म्हणाला, एक हात आणखी फिरवू. प्रतिस्पर्धी पाणीपुरवठा खात्याचे कपडेही त्याच्याकडेच धुवायला येत, आणि त्यांची एक लाल जर्सी मशीनच्या कोपऱ्यात चिकटून राहिली होती. प्रेमाच्या भरात ती काही त्याला दिसली नाही.

बायको टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. उंचीने बेताची, पण मैदानात वारं. ती पॉइंट गार्ड होती. चेंडू पुढे आणायचा आणि कोणाला कधी द्यायचा ते ठरवायचं, हे पॉइंट गार्डचं काम. पहिलं काम ती अप्रतिम करायची. दुसऱ्याचा निर्णय तिने फार पूर्वीच घेऊन टाकला होता. कोणालाही नाही. एकटीच सगळ्यांना चुकवत जायची, बास्केट करायची, लोक टाळ्या वाजवायचे, आणि चषक दरवर्षी दुसराच संघ घेऊन जायचा. यंदा गुडघा कुरकुरायला लागला होता. "हे शेवटचं वर्ष," असं तिने भांडी विसळता विसळता सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून लाँड्रीवाल्याला नीट झोप नव्हती.

शेजारचा सलूनवाला मात्र निष्ठुर होता. "वहिनी खेळतात ते बघायला मी दुकान बंद करून येईन," तो म्हणायचा, "पण असल्या स्टार पॉइंट गार्डनं कप नाही मिळत. टाळ्या मिळतात."

"मिळतो."

"कधी मिळालाय?"

"यंदा मिळेल."

यावर लाँड्रीवाल्याकडे लग्नाखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

आता तो गुलाबी ढिगाऱ्यापुढे डोक्याला हात लावून बसला. थोड्या वेळाने त्याने मनाची समजूत घातली. टपाल खातं म्हणजे घरचं माणूस, गुलाबी तर गुलाबी, चालवून घेतील. पण पाणीपुरवठा खातं गिऱ्हाईक होतं. त्यांच्या सगळ्या जर्स्या लाल आणि एकच फिकी, हे धंद्याला शोभणारं नव्हतं. फिकी पुन्हा लाल करणं हातात नव्हतं. पण लाल फिकी करणं होतं! त्याने पाणी कडकडीत तापवलं, सोडा घातला, वर रंग काढायची पावडर सढळ हाताने टाकली, आणि उरलेल्या साऱ्या लाल जर्स्या त्यात बुडवल्या. दोन तासांनी सगळ्या त्या एका फिक्या जर्सीशी तंतोतंत जुळल्या. इतकं चोख काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

मग त्याने दोन्ही गठ्ठे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, आणि कुठला कोणाचा ते त्याला स्वतःलाच ओळखता येईना.

संध्याकाळी सामन्याच्या सभागृहाच्या दाराशी बायकोने गठ्ठा सोडला. "अहो, हे काय?"

"जरा गुलाबी झालंय."

"आणि त्यांचे?"

"त्यांचेही."

"त्यांचे कसे?"

"एक फिकी पडली, म्हणून बाकीच्या तिच्याशी जुळवल्या."

बायकोने एक जर्सी उजेडात धरली. "घरात एक बशी फुटली तर उरलेल्या तुम्ही फोडाल का हो?"

"तुझं शेवटचं वर्ष," तो म्हणाला. "सगळं चांगलं व्हावं म्हणून केलं गं."

"कळलं. डोळे पुसा आधी, लोक बघतायत," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच रुमालाने तिने ते पुसलेही.

पंच म्हणजे शाळेतले निवृत्त पीटीचे मास्तर. दोन्ही संघ समोर उभे राहिल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. सामना पुढे ढकलायची सोय नव्हती, उद्या सभागृहात लग्न होतं. शेवटी प्रथमोपचाराच्या पेटीतली पट्टी कापून टपालवाल्यांच्या मनगटांना बांधायची असं ठरलं. पहिल्या दहा मिनिटांत निम्म्या पट्ट्या घामाने सुटून पडल्या आणि मास्तर अंदाजाने शिट्ट्या मारू लागले.

एकाच रंगाच्या दहाजणी मैदानात म्हटल्यावर गोंधळ उडायला हवा होता. पण गोंधळ उडायला कोणी तरी कोणाला तरी चेंडू द्यावा लागतो. पाणीपुरवठ्याकडेही एक स्टार पॉइंट गार्ड होती, तिला सगळे 'मोटार' म्हणत, आणि तीही कोणाला काही देणाऱ्यांतली नव्हती. बायको जायची, बास्केट करून यायची. मोटार जायची, बास्केट करून यायची. बाकीच्या आठजणी मधल्या मध्ये पळत होत्या आणि एकमेकींशी ओळखी करून घेत होत्या. टपालाकडची सगळ्यांत उंच मुलगी 'शिडी' नेहमीप्रमाणे बास्केटखाली हात पुढे करून उभी होती. पाणीपुरवठ्याकडची एक नवी, तशीच उंच मुलगीही तशीच उभी राही. दोघींचेही हात रिकामे.

"बघितलंस?" सलूनवाला म्हणाला. "दोन स्टार आणि आठ प्रेक्षक."

लाँड्रीवाल्याचे डोळे घड्याळावर होते. टपाल एका गुणाने मागे होतं, काही सेकंदच उरले होते, आणि चेंडू बायकोच्या हातात होता. ती निघाली. एकीला चुकवलं. दुसरी आडवी आली. मग तिसरी आडवी आली. ती तिसरी टपालाचीच होती, पण घाईत तीही अडवायला धावली होती. बायकोने वळायला पाय टाकला आणि गुडघ्याने नेमकी तेव्हाच नांगी टाकली. ती कोलमडली. पडता पडता तिने डोकं वर केलं. बास्केटखाली दोन हात पुढे आले होते. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने चेंडू दिला.

ती शिडी नव्हती. ती पाणीपुरवठ्याची नवी मुलगी होती.

लाँड्रीवाल्याने डोळे मिटून घेतले. त्यामुळे नव्या मुलीने चेंडू छातीशी धरला, तिचा चेहरा उजळला, आणि गर्रकन वळून तिने तो डोक्यावरच्या बास्केटमध्ये अलगद टाकला, हे त्याला दिसलं नाही. ती बास्केट तिच्याच संघाने राखायची होती. शिट्टी झाली. सभागृहात कोणालाच काही कळेना.

मास्तर त्या मुलीजवळ गेले. "मुद्दाम टाकलास, का चुकून?" मुद्दाम टाकला असता तर गुण रद्द झाले असते.

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. "सर," ती म्हणाली, "मला पास मिळाला."

मास्तरांनी थोडा विचार केला, मोटारकडे एकदा बघितलं, आणि गुण टपाल खात्याला दिले.

सलूनवाल्याने बराच वेळ हनुवटी खाजवली. "मिळतो रे," तो शेवटी म्हणाला. "स्टार पॉइंट गार्डनं कप मिळतो. फक्त ती समोरच्या संघात पाहिजे."

फोटोच्या वेळी ती नवी मुलगी भिंतीशी मुसमुसत उभी होती. बायको लंगडत गेली, तिला हाताला धरून घेऊन आली आणि आपल्याशेजारी उभी केली. फोटोवाला मोजायला लागला तशी शिडी म्हणाली, "काढा हो दादा, सगळ्या आमच्याच आहेत."

घरी जाताना बायकोने नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेतला होता. चषक त्याच्या काखेत होता.

"चुकूनच दिलास ना?" त्याने भीत भीत विचारलं.

"चुकूनच. मला शिडी वाटली." ती थोडं चालली. "शिडी इतकी वर्षं तशीच हात पुढे करून उभी असते, आणि मी कधी बघितलंच नाही हो. आज पहिल्यांदा कोणाचे तरी हात दिसले, तर ते निघाले त्यांच्याकडचे."

लाँड्रीवाल्याने काखेतला चषक सावरला. त्याने नुसताच तिचा हात दाबला.

"उद्या त्या हाडांच्या डॉक्टरची वेळ घ्या," ती म्हणाली.

"अगं, पण आता कप तर मिळाला. शेवटचं वर्ष म्हणाली होतीस ना?"

"म्हणाले होते," बायको म्हणाली. "पण शिडीला अजून एकही पास दिलेला नाही मी."