दांड्याचा चाप आणि फुगलेलं दार

‘हलकी स्प्रिंग मुळीच नको,’ असं मी दुकानदाराला ठणकावलं आणि तिथेच माझं चुकलं. (चुकलं हे फक्त इथे लिहिते आहे. घरी कबूल केलेलं नाही, करणारही नाही.)

आमच्या ह्यांची एक शिडाची होडी आहे. दोन माणसं बसतील एवढीच. तिसरं बसलं तर पाणीही येऊन बसेल. वारा पाठीमागून आला की तिचं पुढचं शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबतं. ते बाहेर ताणून धरायला एक दांडा लागतो. दांड्याच्या एका टोकाला सुळका, तो शिडाच्या कोपऱ्यात खुपसायचा. दुसऱ्या टोकाला चाप, तो डोलकाठीच्या कडीत अडकवायचा. दोरी ओढली की आतला खिळा मागे सरकून चाप उघडतो, सोडली की टक्‌ करून मिटतो. मी होडीत एकदाही पाय ठेवलेला नाही. पण चौथीत शाळा सुटली तेव्हापासून जे शिकले ते वाचून शिकले, आणि होड्यांवरचं ह्यांचं जाडजूड पुस्तक मी ह्यांच्याआधी संपवलं होतं.

तर यंदा त्या चापाने राम म्हटला. त्याच्या आधी थंडीत ह्यांच्या उजव्या हाताने म्हटला होता.

अर्धांगाचा झटका आला. पाय वाचले, तोंड वाचलं, उजवा हात मात्र न बोलावलेल्या पाहुण्यासारखा मांडीवर पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, वाचा शाबूत आहे, बोलत नाहीत ते मनाने. दिवस दिवस हे खिडकीशी बसायचे. मी बोलायची आणि भिंती ऐकायच्या. मी बोलण्यात कुणाला हार जात नाही, पण भिंतींशी किती भांडणार? संध्याकाळी दिवा लावायचीही इच्छा होत नसे. लावला की ते बसलेले दिसायचे.

आमच्या लेकीने (हिला मी मनात कलेक्टरीण म्हणते, कारण ती येते ती पाहणीलाच) फोनवर निकाल दिला. ‘‘एका हाताने होडी चालवायची नाही. रविवारी येते, गिऱ्हाईक बघू.’’

‘‘आणि तुझे बाबा करतील काय?’’

‘‘आराम.’’

‘‘आराम करकरूनच माणूस असा झालाय.’’

‘‘आई, तो लावलेला दांडा एका हाताने काढून दाखवतील का ते? दाखवू देत. मग मी एक शब्द बोलणार नाही.’’

फोन स्पीकरवर होता. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि परत खिडकीकडे वळवली. मी तडक पिशवी उचलली.

होडीच्या सामानाच्या दुकानात चापांची एक सबंध भिंत होती. मी जुना चाप काउंटरवर आपटला.

‘‘कोण चालवतं होडी?’’ दुकानदाराने विचारलं.

‘‘तुम्हाला काय करायचंय?’’

‘‘तसं नाही, आजी. हातात जोर किती आहे त्यावर स्प्रिंग ठरते. हा घ्या, हलका आहे. एका बोटाने उघडतो.’’

आता ह्यांचा हात गेला हे मी त्या परक्या माणसाला सांगू? आणि त्याने च्‌ च्‌ करावं? मी म्हटलं, ‘‘आमच्या घरात हलकं काही चालत नाही. तो वरचा द्या.’’

‘‘तो मोठ्या होड्यांना लावतात.’’

‘‘मग छोटीला जास्तच टिकेल.’’

त्याने मुकाट्याने बांधून दिला. (शहाण्या माणसाने त्याचं हे मुकाट्याने बांधणं ओळखायला हवं होतं.)

घरी येऊन दांड्याला स्क्रूने बसवला आणि दोरी ओढली. चाप हलेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा जांभई दिल्यासारखा जरासा उघडला. मग मी दांडा पलंगाखाली सरकवला आणि ह्यांना काही बोलले नाही.

रविवार उजाडला. हे आंघोळीला गेले. मी विचार केला, स्प्रिंग म्हणजे काय, नवी चप्पल. वापरली की सैल होते. लेक येईपर्यंत भरपूर उघडझाप करावी. त्यासाठी कडी हवी, आणि घरात जाड कडी एकच, बाथरूमच्या दाराला बाहेरून. ते दार पाण्याने फुगलेलं आहे, कधी पुरतं लागत नाही, चार बोटं उघडंच राहतं. बोळकंडीच्या दुसऱ्या टोकाला खिडकी. मी सुळका खिडकीच्या जाळीत खुपसला, अंगातला सगळा जोर लावून चाप उघडला आणि कडीत सोडला. टक्‌.

दांडा असा चपखल बसला की माझं मलाच कौतुक वाटलं. मग उघडायला दोरी ओढली आणि ती तुटून हातात आली.

आतून दार ढकललं गेलं. दार बाहेर उघडणारं. दांडा तसूभर हलला नाही.

‘‘अहो, जरा जोरात ढकला,’’ मी म्हटलं. त्यांनी ढकललं. मी चापाचा खिळा नखाने, उलथन्याने, मग बत्त्याने मागे लोटू बघत होते. ‘‘अजून जोरात. पुरुषासारखं.’’

तेवढ्यात किल्ली फिरवून कलेक्टरीण आत आली. तिने आधी माझ्या हातातला बत्ता बघितला, मग दार.

‘‘आई, बाबा कुठेत?’’

‘‘आंघोळ करतायत.’’

‘‘आणि तू त्यांना कोंडून ठेवलंयस?’’

‘‘सराव चाललाय,’’ मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

तिने फोन काढला. कुणाला लावत होती कोण जाणे, पण होडी गेली हे मला कळलं. होडी गेली की हे खिडकीशी बसणार, आणि एक दिवस खिडकी तेवढी राहणार. मी बत्ता खाली ठेवला.

आणि दाराच्या फटीत एक डोळा दिसला, मागोमाग आवाज आला. ‘‘अगं, ढकलतोय म्हणूनच तो उघडत नाहीये.’’

आम्ही दोघी गप्प झालो. (मी गप्प झाले, याला लेक साक्षीदार आहे.)

‘‘दांड्यावर भार असला की खिळा अडकतो. आधी भार काढायचा, मग खिळा ओढायचा नाही, वळवायचा. पुस्तकात आहे. तू ते पान वाचलं नसशील.’’ थंडीपासून एवढी वाक्यं मी सलग ऐकली नव्हती. ‘‘आणि हा चाप कुठल्या गाढवाने निवडला?’’

दाराचा रेटा सुटला. चार बोटांच्या फटीतून साबण लागलेला डावा हात बाहेर आला. हात कसला, कोपरापर्यंत अंदाज घेत येणारा आंधळाच. त्याने कडी चाचपली, चाप चाचपला, अंगठा जाळीकडच्या अंगाने आत घातला आणि मनगट थोडं वळवलं. टक्‌.

दार उघडलं. हे टॉवेल गुंडाळून उभे होते, डोक्याला फेस.

लेकीने फोन पर्समध्ये टाकला. बापाच्या डाव्या हातावरचा साबण ओढणीने पुसला. मग डोळे पुसून म्हणाली, ‘‘ठीक आहे. शब्द दिला होता. बाबांनी जावं. मी बसेन सोबत.’’

‘‘मी आहे की सोबतीला,’’ मी म्हटलं. ‘‘पुस्तक माझं पाठ आहे.’’

बापलेकीने एकमेकांकडे बघितलं.

‘‘आई काठावर,’’ लेक म्हणाली.

‘‘काठावर,’’ हे म्हणाले.

आता दर रविवारी मी तलावाच्या पायरीवर दोघांच्या चपला सांभाळत बसते. दांडा लागतो, शीड भरतं, होडी लहान लहान होत जाते आणि मला उगाच भरून येतं. शेजारी कुणी बसलं तर सांगते, तो चाप माझ्या पसंतीचा. ती माणसं मान डोलावतात आणि जरा सरकून बसतात.

हे मात्र आता बोलतात. कमी बोलतात, पण बोलतात. आणि आंघोळीला निघाले की दांडा काखेत मारून आत घेऊन जातात.