तीन चुळा

मोघेसर रोज सकाळी माझ्या दुकानात मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची एक फोड खात, तीही फुकट, आणि मग माझ्याच लोट्यातल्या पाण्यानं समोरच्या नालीत खळखळून तीन चुळा भरत. गिऱ्हाइकांदेखत! सायकलवर बरण्या लादून सदर बाजारात फिरलो, तेव्हा कुठे बूढापारा मोहल्ल्यात हे दुकान झालं. माझं लोणचं खाऊन कोणी तोंड धुवावं, हा अपमान मी वर्षभर गिळला.

सर जीवशास्त्राचे निवृत्त मास्तर. कोणी बरणी उचलली की विचारत, "मेंदूच्या रक्ताले विचारलं का?" मग व्याख्यान. मुरलेल्या पदार्थांत एका अमिनो आम्लाचं रूप बदलतं, त्यानं काहींच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या बिथरतात आणि अर्धं डोकं ठणकतं. अर्धशिशी!

"मग तुम्ही काहून खाता, सर?"

"माझं डोकं कधी दुखलंच नाही."

एकदा लग्नघरची एक बाई पाच बरण्या घेणार होती. तासभर घासाघीस करून भाव ठरला आणि सरांचं ते रक्त मध्ये आलं. "रहने दो भैया," म्हणून बाई गेली. माझं डोकं फिरलं. दुपारी दुकान लावून घेतलं आणि सरांच्या घरी भांडायला गेलो.

दारावरची घंटी काढलेली, तारा लोंबत होत्या. मी कडी वाजवून आवाज चढवला, तर सर अनवाणी धावत आले आणि त्यांनी माझ्या तोंडावर हातच ठेवला. आत भर दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या. खाटेवर त्यांची बायको, डोळ्यांवर ओला फडका.

"तिसरा दिवस," सर कुजबुजले. "तीस वर्षं मी म्हणायचो, नाटक करून राहिली. आता रोज लिहून राहिलो, काय खाल्लं की दुखते."

कोनाड्यात वह्यांची चळत होती. मीही कुजबुजलो, "सापडलं काही?"

"लोणचं सापडलं. नुसत्या वासानं उठते तिचं डोकं. म्हणून मी लोणचं घरात येऊ देत नाही. बाकी अजून नाही सापडलं."

भांडण तसंच घेऊन परतलो.

दोन दिवसांनी सर आले. फोड खाल्ली, एक गिऱ्हाईक पळवलं, तीन चुळा भरल्या. मग कधी नव्हे ते माझ्याजवळ आले, माझ्या नाकापाशी तोंड आणून हळूच फुंकर मारली.

"वास येऊन राहिला का?"

धंद्यात मी सख्ख्या भावालाही पहिल्यांदा खरं सांगत नाही. मी नीट वास घेतला.

"हव, थोडा आहे," म्हणालो आणि लोटा पुन्हा भरून दिला. "अजून एक चूळ भरा, सर."