एक विरुद्ध

सरपंचांचे सासरे वारले तेव्हा ग्रामपंचायतीत दुखवट्याचा ठराव आला, आणि शमुवेल मास्तरांनी त्याच्याविरुद्ध हात वर केला. मी त्या गावचा ग्रामसेवक, म्हणजे ठराव लिहिणारा. दुखवट्याला विरोध झाला तर वहीत काय लिहायचं, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

"मास्तर, मयताला विरोध हाय का तुमचा?" सरपंचांनी विचारलं.

"मयताला न्हाई. ठरावाला हाय. लिहा भाऊसाहेब, एक विरुद्ध."

मी लिहिलं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची वेळ आली, तेव्हा सगळ्यांत ताठ उभे होते ते मास्तरच. सभा संपल्यावर ते थेट सरपंचांच्या घरी सांत्वनाला गेले आणि चांगले तासभर बसले.

गाव शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून मला ओळखतात. साठ सालानंतरची गोष्ट. पंचायत राज नवं होतं आणि गावाला लोकशाहीचा भारी अभिमान होता, कारण लोकशाहीनं गावाला अजून काहीच त्रास दिला नव्हता. निवडणूक बिनविरोध झाली होती. म्हणजे एका सकाळी सरपंचांच्या ओट्यावर चहा पिता पिता जागा वाटून झाल्या. सरपंचांच्या भावकीला पाच, धनगरांना एक, मिशनच्या आळीतल्या ख्रिस्ती घरांना एक, आणि कायद्याप्रमाणे दोन बायका. बायका सभेला येत नसत. त्यांच्या सह्या मी घरी जाऊन घेई.

"आमच्या गावात भेद न्हाई," सरपंच येईल त्या पाहुण्याला सांगत. "धनगर घ्या, किरिस्ताव घ्या, समद्यांना जागा दिली." जागा दिली होती, हे खरं होतं. पण ती बसायला दिली होती, बोलायला नव्हे.

धनगरांचे सभासद बिरूमामा यांना हे न सांगता कळलं होतं. ते दाराशी घोंगडी पांघरून बसत. ठराव वाचून झाला की सरपंच विचारत, "मामा, काय म्हनता?" मामा म्हणत, "गाव म्हनंल तसं." तीन वर्षांत मी त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य ऐकलं नाही. मग ते अंगठा पुढं करत, मी शाई लावत असे.

मास्तरांना मात्र एवढी साधी गोष्ट कळत नव्हती. मिशनच्या शाळेत जन्मभर व्याकरण शिकवून निवृत्त झालेला हा माणूस वैशाखातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट घालून सभेला यायचा. दिवाबत्तीसाठी कंदील घ्यायचे, एक विरुद्ध. विहिरीतला गाळ काढायचा, एक विरुद्ध. कारण विचारलं तर म्हणायचे, "कारण न्हाई. लिहा." गाव त्यांना 'इरुध मास्तर' म्हणू लागलं होतं. शाळेला केलेल्या सेवेबद्दल त्यांचाच सत्कार करावा असा ठराव आला, त्यालाही त्यांनी हात वर केला. सत्काराला मात्र ते वेळेच्या आधी हजर होते. हार घालून घेतला, नारळ घेतला, भाषण केलं, आणि भाषण लांबलंही.

चर्चमध्येही हीच तऱ्हा. प्रार्थना संपली की सगळे एका सुरात 'आमेन' म्हणत. मास्तर थोडं थांबत, विचार करत, आणि सगळं शांत झाल्यावर एकट्यानं आपलं आमेन म्हणत. पाळकसाहेब एकदा माझ्याजवळ कुरकुरले, "कधी कधी म्हणतच नाहीत हो, आणि मग मलाच वाटत राहतं की प्रार्थनेत काही चुकलं." मी रूथबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं की घरी कसं चालतं. त्या म्हणाल्या, "घरी दोनच मतं. तिथं त्यांनी हात वर केला तर भाकरी कोन थापील?"

मला हा माणूस मनापासून आवडत नसे. लोक हक्कासाठी जीव देतात आणि हा म्हातारा मिळालेला हक्क दंडाच्या व्यायामासाठी वापरतो, असं मी चारचौघांत बोलून दाखवत असे. माझ्या रागाला माझंही एक कारण होतं. माझं घर दौंडला. बायको तिथे, म्हातारी आई तिथे. बदली हवी तर शिरूरच्या तालुका कचेरीतल्या साहेबांची मर्जी हवी, आणि साहेबांना आवडायचं एकमत. ते पंचायतींच्या वह्या तपासत, आणि 'एकमताने मंजूर' दिसलं की पान न वाचता उलटत. आमच्या वहीत प्रत्येक पानावर त्यांची नजर अडकायची. "तुमच्या गावात हा कोण विद्वान आहे? त्याला आवरा," असं त्यांनी मला दोनदा सुनावलं होतं.

आवरता येईना, म्हणून मी एक शक्कल लढवली. वहीत लिहिलं, 'ठराव एक मताने मंजूर.' 'एक' आणि 'मताने' यांच्यात बोटभर जागा सोडली. साहेब घाईत वाचतील तर 'एकमताने' वाचतील. मास्तरांनी विचारलं तर सांगता येईल की हे ते नव्हे, जागा बघा. पुढच्या सभेत मी मागचं इतिवृत्त वाचलं. मास्तरांनी वही मागून घेतली आणि चष्मा लावला.

"म्हंजी एकाच मतानं मंजूर झाला? बाकीची सहा मानसं काय करत व्हती?"

व्याकरणाच्या मास्तराला फसवायला व्याकरण वापरलं, ही माझी चूक. त्यांनी वही परत दिली आणि आवाज न चढवता म्हणाले, "भाऊसाहेब, ह्या पानावर मी न्हाई. मला परत घाला." मी पुन्हा लिहिलं, सहा विरुद्ध एक. पण तोवर मागल्या पानाची नक्कल शिरूरला गेली होती. तिकडून खुलासा मागवला गेला की सात सभासद हजर असताना ठराव एका मताने मंजूर कसा झाला. माझी बदली आणखी वर्षभर लांबली.

त्याच वर्षी बाजारतळाचा ठराव आला. तळेगाव ढमढेऱ्याला आठवड्याचा बाजार भरतो, मग आपल्याला का नको, असं गावाच्या मनानं घेतलं. जागा कुठली? तर ओढ्याच्या अलीकडचं गायरान. तिथे धनगरांची आठ घरं होती आणि त्यांची मेंढरं बसत. पिढ्यान्‌पिढ्या फिरस्ती करून ती माणसं आता कुठे एका जागी चूल मांडून राहिली होती. जागा गेली तर मेंढरं कुठे बसवणार? पुन्हा बिऱ्हाड घोड्यावर लादून रानोमाळ फिरायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोललं नाही. एकमताचा फायदा तो हाच.

सरपंच गोड आवाजात म्हणाले, "गावाचं भलं हाय. मामा, काय म्हनता?"

बिरूमामांनी दोन वेळा घसा खाकरला. मग म्हणाले, "गाव म्हनंल तसं."

"कुणी विरुद्ध?" सरपंचांनी हसत मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचा हात वर गेलाच. सगळे हसले. मी एकचा आकडा लिहिला. एरवी मी लिहिलं की मास्तर हात खाली घेत. त्या दिवशी घेतला नाही. कोणाकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे तोंड करून ते तसेच बसून राहिले. कोटाची बाही घसरून कोपरापर्यंत आली, त्यांनी दुसऱ्या हातानं दंडाला आधार दिला. मी म्हटलं, "लिहिलं मास्तर." तरी हात वरच.

हसणं विरलं. आणि मग दाराकडून घोंगडीतून एक काळा, राकट हात निघाला. कानापर्यंत आला, थांबला, आणि वर गेला.

"मामा, माशा हाकलताय का काय?" सरपंच म्हणाले.

"न्हाई," बिरूमामा म्हणाले. "म्या बी इरुध हाय."

पाच विरुद्ध दोन. ठराव मंजूर झाला. पुढचं सांगून टाकतो. बाजार तिथेच भरला. धनगरांना ओढ्यापलीकडची खडकाळ जागा मिळाली, आणि तीसुद्धा का, तर कागदावर दोन विरोध दिसले म्हणून शिरूरहून कोणीतरी चौकशीला आलं. चौकशीला आलेल्यांना सरपंचांनी आधी सांगितलं की आमच्या गावात भेद नाही.

त्या दुपारी सभेनंतर कचेरीत मी आणि मास्तर दोघेच उरलो. ते दंड चोळत बसले होते. मला हिणवायची हुक्की आली. म्हटलं, "काय मास्तर, आज जोडीदार मिळवूनसुद्धा हरलात की."

"हरायचंच व्हतं," ते म्हणाले. "मोजनी कुनाला येत न्हाई?"

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांना एक धाकटा भाऊ होता, योहान. त्यानं हिंदू मुलीशी लग्न केलं, तेही देवळात. चर्चच्या पंचांची बैठक भरली की याचं नाव चर्चच्या सभासदांच्या वहीतून काढावं. मास्तर स्वतः पंचांपैकी एक.

"लोक म्हनत्यात, गावातले मोठे धाकट्यांना दाबतात. आमी धाकटेच व्हतो की भाऊसाहेब. पन चार भिंतींच्या आत आमी बी गावच झालो. योहान दाराशी हुबा व्हता. माझ्याकडं बघत व्हता. म्या हात वर केला न्हाई. वहीत लिवलं, एकमतानं."

"तुम्ही एकट्यानं हात वर करून ठराव थांबला असता का?"

"न्हाई थांबला. पन त्याला जाताना एक हात मोजता आला असता."

योहान बायकोला घेऊन दौंडला गाडीत बसला. त्यानंतर त्याचं पत्र नाही, पत्ता नाही. एकवीस वर्षं झाली, मास्तर म्हणाले.

"एकट्याचा हात लई जड आसतो भाऊसाहेब. आधीचा एक वर आसंल, तर दुसऱ्याला उचलाया सोपं जातं. पन कवा कुनाला लागंल ते आधी कळत न्हाई. म्हनून म्या आपला रोजच वर करतो. कंदिलाला बी."

मला स्वतःची फार लाज वाटली. काही तरी करायचं म्हणून मी वही ओढली. विरोध करणाऱ्यांची नावं लिहायची रीत नव्हती, नुसता आकडा घालत. मी आकड्यापुढं नावं लिहिली आणि त्यांना वाचून दाखवली. 'विरुद्ध दोन. श्री. शमुवेल यशवंत साळवे. श्री. बिरू सखाराम कोळपे.'

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "दुसरं नाव परत एकदा वाचा."