मालनकाकूंचं मृत्युपत्र आणि पुतण्याची साक्ष

"मृत्युपत्र म्हणजे काय मोठं? लोणचं घालण्यापेक्षा सोपं काम," असं मालनकाकू छातीठोकपणे म्हणाल्या खऱ्या, पण लोणचं घालताना निदान कोणी रडायला येत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची, अर्नाळ्याजवळच्या वाडीतली. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घर, विहीर, केळी, मोगरा, सगळं बघायची ती त्यांच्या बहिणीची मुलगी हेमाली. काकूंना ताप आला तर उशाशी ती, पंप बिघडला तर विहिरीवरही तीच. पण वकील हिल्डाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "मृत्युपत्र केलं नाहीत, तर नवऱ्याकडून आलेली वाडी नवऱ्याच्याच माणसांकडे जाईल. म्हणजे तुमच्या पुतण्याकडे. हेमालीला केळीचं पानसुद्धा मिळायचं नाही."

पुतण्या म्हणजे फुलपाड्याचा विपुल. त्याने बिल्डरशी बोलणी कधीच उरकली होती. काकू विकायला तयार नाहीत म्हटल्यावर 'काकूच्या डोक्यावर परिणाम झालाय' असं तो गावभर सांगत सुटला. उद्या काकूंनी एखादा कागद केलाच, तर वेडीचा कागद म्हणून कोर्टात उडवता यावा.

काकूंनी कुंपणापलीकडच्या लुईसला हाक मारली. "लुईस, उद्या सकाळी साक्षीला ये रे. मृत्युपत्र करतेय."

आता आमच्याकडे माणूस मृत्युपत्राचं नाव काढतो ते घशाला घरघर लागल्यावर. लुईसचा चेहरा उतरला. त्याने बायकोला, मार्थाला सांगितलं. मार्थाने विहिरीवर सांगितलं, आणि विहिरीवर सांगितलेलं कुठवर जातं हे का मी सांगायला हवं? शिवाय माणुसकी म्हणून लुईसने विपुललाही फोन केला, 'काकूंचं काही खरं नाही.'

सकाळी काकू मोगरा खुडून परतल्या, तर अंगणात हीऽ गर्दी. एका बाजूला मार्थाच्या मैत्रिणी जपमाळ ओढतायत, दुसऱ्या बाजूला शेजारची सून गंगाजलाची लोटी धरून बसलेली.

"कोण गेलं गं?" काकूंनी पदर डोळ्यांना लावत विचारलं.

मार्थाच्या हातातली माळ गळून पडली. "तुम्हीच की, काकू."

एवढ्यात विपुल आला, तो बिल्डरच्या माणसाला घेऊनच. त्या माणसाने फाटकापासूनच जमीन मोजायची टेप उलगडली. काकूंना ठणठणीत उभं बघून विपुल हिरमुसला, पण मृत्युपत्राचं कानावर पडताच त्याची कळी खुलली. काकूला आपल्याशिवाय आहे कोण?

हिल्डाबाई आल्या, पण लागणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी हजर एकच. दुसरे ठरलेले गावच्या शाळेचे मास्तर. ते काकू गेल्याच असं समजून हार आणायला आगाशीला गेले होते.

"मी आहे ना," विपुल पुढे सरसावला.

"साक्षीदाराने एवढंच सांगायचं," हिल्डाबाई म्हणाल्या, "की यांचं डोकं ठिकाणावर आहे आणि यांनी माझ्यासमोर राजीखुशीने सही केली. मजकूर वाचायचाय?"

"छे, घरचंच तर आहे. आणि डोकं? अहो, काकूसारखं डोकं उभ्या वसई तालुक्यात नाही," विपुल सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला.

काकूंनी सही केली. मग लुईसने केली, मग विपुलने, खाली ठसठशीत रेघ ओढून. त्यानंतर काकूंच्या सांगण्यावरून हिल्डाबाईंनी मजकूर वाचला. घर, विहीर, वाडी, सगळं हेमालीला.

"काकूचं डोकं फिरलंय!" विपुल ओरडला.

"आत्ताच तर ठिकाणावर होतं," हिल्डाबाई शांतपणे म्हणाल्या. "सही आहे तुमची."

बिल्डरच्या माणसाने गुपचूप टेप गुंडाळली. हेमाली काकूंच्या गळ्यात पडून रडायला लागली. पोरीचं छप्पर आता कोणी हलवू शकत नव्हतं, आणि काकूंना तर उभ्या अंगणात फुगडी घालावीशी वाटत होती.

तेवढ्यात मास्तर धापा टाकत हार घेऊन पोचले. काकूंना हसताना बघून जागीच थिजले.

"द्या इकडे, वाया कशाला घालवायचा?" म्हणत काकूंनी हार घेतला आणि विपुलच्या गळ्यात घातला. "मुख्य साक्षीदाराचा सत्कार राहिलाच होता."